ट्रॅक्टर पुलिंग: गटांचे नियम आणि इंजिनाच्या मर्यादा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या ट्रॅक्टर पुलिंगचे व्हिडिओ पाहून येणारे प्रश्न बहुतेक एकाच ठिकाणी अडतात: हा ट्रॅक्टर या गटात आणि तो त्या गटात का? खालची उत्तरं मुख्यतः अमेरिकेतल्या नियमांवर आधारलेली आहेत. दर हंगामात नियमपुस्तक थोडंफार बदलतं. त्यामुळे इंजिन बांधायला घेण्याआधी ज्या संघटनेत उतरायचं आहे तिचं त्या वर्षीचं पुस्तक समोर ठेवा.

१. ट्रॅक्टर पुलिंगमध्ये नेमकं काय करायचं असतं?

ट्रॅक्टरच्या मागे साखळीने स्लेड, म्हणजे वजन लादलेली घसरगाडी, जोडायची आणि साधारण ३०० फुटांच्या मातीच्या ट्रॅकवर ती जमेल तितकी लांब ओढायची. काही ठिकाणी ट्रॅक ३२० फुटांचा असतो, युरोपात १०० मीटरचा. जो लांब नेतो तो जिंकतो, वेळ मोजत नाहीत. शेवटपर्यंत ओढलं तर त्याला ‘फुल पुल’ म्हणतात. फुल पुल एकापेक्षा जास्त जणांनी केला, तर स्लेड आणखी जड करून त्यांची पुन्हा ओढ लावतात.

स्लेडवर वजनाची पेटी असते. सुरुवातीला ती स्लेडच्या मागच्या चाकांवर असते. चाकं फिरू लागली की गिअर आणि साखळीच्या जोरावर पेटी पुढे सरकते आणि वजन चाकांवरून पुढच्या सपाट पत्र्यावर येतं. पत्रा मातीत रुततो आणि ओझं फुटाफुटाने वाढत जातं. पेटी स्लेडच्या चाकांशी जोडलेली असल्यामुळे ती किती सरकली हे कापलेल्या अंतरावर ठरतं. ट्रॅक्टर हळू नेला म्हणून ती मागे राहत नाही. म्हणूनच सुरुवातीला घेतलेला वेग कामाला येतो.

पूर्वी ट्रॅकच्या कडेला माणसं उभी राहायची आणि स्लेड जवळ आली की एकेक जण तिच्यावर चढायचा. त्या काळात वेग कमी ठेवावाच लागे.

२. स्लेड सगळ्यांना सारखीच, मग गट कशाला हवेत?

कारण ओढ म्हणजे मातीवरची पकड, आणि पकड वजनावर आणि टायरवर ठरते. तीन टनांचा ट्रॅक्टर पाच टनांच्या ट्रॅक्टरशी त्याच स्लेडवर झुंजला, तर निकाल वजनकाट्यावरच लागलेला असतो. वजन सारखं केलं की प्रश्न इंजिनाकडे वळतो, आणि इंजिनाला सीमा घातली नाही तर पैशाकडे.

हा वाद खेळाइतकाच जुना आहे. अमेरिकेत १९२९ पासून अशा स्पर्धांच्या नोंदी सापडतात, पण गावोगावचे नियम वेगळे असायचे. १९६९ मध्ये आठ राज्यांचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन, म्हणजे एनटीपीए, उभी राहिली ती एकच नियमपुस्तक असावं म्हणून. पुढे प्रो पुलिंग लीगसारख्या संघटना आल्या. गटांची नावं आजही बरीचशी तीच आहेत, आकडे मात्र संघटनेनुसार बदलतात.

३. मुख्य गट कोणते आणि कुठल्या गटात इंजिनाला किती मोकळीक?

पायथ्यापासून सुरुवात करू. ‘फार्म स्टॉक’ म्हणजे शेतातला ट्रॅक्टर, त्यात फार बदल नाहीत. इथले नियम बहुतेक स्थानिक असतात (प्रश्न ९).

‘सुपर फार्म’मध्ये इंजिन (म्हणजे सगळ्या सिलिंडरांतली मिळून जागा) ६४० घनइंचांपर्यंत, म्हणजे सुमारे साडेदहा लीटर, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) एकच आणि त्याचं तोंड ३ इंच. ‘लिमिटेड प्रो स्टॉक’मध्ये घनइंच तेच ६४०, पण टर्बोचं तोंड ४.१ इंच. ‘प्रो स्टॉक’मध्ये ६८० घनइंच, सुमारे ११.१ लीटर, टर्बो एकच, इंधन फक्त डिझेल, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारं यंत्र) नाही. ‘सुपर स्टॉक’मध्ये एकापेक्षा जास्त टर्बो आणि इंटरकूलर चालतात. काही गटांत डिझेल, काहींत मिथेनॉल.

इथपर्यंत ट्रॅक्टर दिसायला ट्रॅक्टरच असावा लागतो, कंपनीच्या बॉनेट-जाळीसकट. ‘मॉडिफाइड’मध्ये ते बंधन सुटतं (प्रश्न १२). ‘मिनी’ म्हणजे जेमतेम दोन हजार पौंडांच्या सांगाड्यावर सुपरचार्जर लावलेलं व्ही-८ इंजिन.

आमचं स्पष्ट मत: नवख्याने सुपर फार्मच्या वर पाहू नये. ३ इंचांच्या तोंडामुळे इंजिन आपोआप आवरलेलं राहतं आणि चुका कमी पैशांत शिकता येतात.

४. घनइंच कसे काढायचे? रिबोअर केल्यावर मर्यादेबाहेर गेलो असं कसं?

बोअर × बोअर × ०.७८५४ × स्ट्रोक × सिलिंडर. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव. मापं इंचांत घ्या म्हणजे उत्तर घनइंचांत येतं. त्याला १६.३८७ ने गुणलं की सीसी.

इंटरनॅशनलचं प्रसिद्ध ४६६ इंजिन घ्या: बोअर ४.३०, स्ट्रोक ५.३५, सहा सिलिंडर, उत्तर ४६६. जॉन डिअरचं ४६६ : बोअर ४.५६, स्ट्रोक ४.७५, उत्तर जवळपास तेच. आकडा एक, पण घडण वेगळी. पहिल्याचा स्ट्रोक लांब असल्यामुळे त्याच आरपीएमला पिस्टनला जास्त अंतर पळावं लागतं. दुसऱ्याचा बोअर रुंद, म्हणून व्हॉल्व्हना जागा जास्त. नियमपुस्तक दोघांना एकच मानतं.

आता रिबोअरचं गणित. समजा ६४०च्या गटासाठी बोअर ४.७५० आणि स्ट्रोक ६.०० ठेवलात. सहा सिलिंडरांचे ६३७.९ घनइंच होतात, म्हणजे मर्यादेत. स्लीव्हला ओरखडा आला म्हणून बोअर दहा थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवलात, ४.७६०. आता ६४०.६. इंजिन बाद. बोअरचा वर्ग होत असल्यामुळे एवढासा फरक सहा सिलिंडरांत मिळून पावणेतीन घनइंच खातो. मर्यादेला अगदी टेकून इंजिन बांधणाऱ्याने पुढच्या एका रिबोअरची जागा पहिल्याच दिवशी सोडायला हवी. नाहीतर ब्लॉक चांगला असूनही स्ट्रोक कमी करायला नवा क्रँक घ्यावा लागतो.

तपासणीत हेड उघडून मापं घेतात किंवा हेड न उघडता सिलिंडरला हवेवर चालणारा मापक जोडतात. दोन्ही वेळा इंजिन थंड हवं.

५. ‘टर्बोचं तोंड ३ इंच’ म्हणजे नक्की कुठलं माप?

हवा आत घेणाऱ्या, म्हणजे कंप्रेसरच्या बाजूचं. बाहेरचा पाइप किंवा गाळणीचं तोंड नाही. कंप्रेसरच्या पंख्यापाशी घराचा जो सर्वांत अरुंद व्यास असतो, तो मोजतात. हत्यार साधं आहे: नेमक्या मापाची घडवलेली गेज. ती आत गेली तर टर्बो बाद.

इथे दोन पळवाटा होत्या आणि त्या दोन्ही नियमांनी बुजवल्या आहेत. पहिली, तोंडाशी ३ इंचांची कडी बसवायची आणि पंखा तिच्या बऱ्याच मागे मोठा ठेवायचा. म्हणून पंख्याची पाती मोजलेल्या व्यासाच्या आत काही अंतर, अनेक पुस्तकांत १/८ इंच, यायलाच हवीत अशी अट असते. दुसरी, घराच्या आतल्या बाजूने खाच पाडून पंख्याला कडेनेही हवा द्यायची. कारखान्यातून येणाऱ्या अनेक टर्बोंना अशी खाच असते. तिचा मूळ हेतू प्रामाणिक आहे, टर्बोचा चालण्याचा पल्ला वाढवणं. पण मर्यादेच्या गटात ती मागचं दार होते. त्यामुळे कुठे खाचेच्या रुंदीला सीमा आहे, तर कुठे खाचच चालत नाही.

आणखी एक, जे बहुतेकांना बाद झाल्यावरच कळतं. अॅल्युमिनियमचं घर तापलं की फुगतं. ३ इंचांचं तोंड ५० अंशांनी तापलं की सुमारे साडेतीन थाऊंनी वाढतं. बरोबर ३.००० ला घासलेला टर्बो ओढीनंतर गरम असताना तपासला, तर गेज आत सरकू शकते. घर घासतानाच आठ-दहा थाऊ कमी ठेवा.

६. ३ ऐवजी ३.१ इंच केलं तर कितीसा फरक पडणार?

क्षेत्रफळ ६.८ टक्के वाढतं. टर्बोच्या तोंडाशी हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की मागून कितीही ओढलं तरी हवा वाढत नाही, तोंड कोंडतं. समुद्रसपाटीजवळ ३ इंचांच्या मोकळ्या तोंडातून सेकंदाला साधारण एक किलो हवा, एवढीच गणिताची कमाल. पंख्याचा मधला गड्डा जागा अडवतो, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमी. डिझेल जाळायला हवा लागते, म्हणून पॉवरचं छत तिथेच ठरतं. पंपाने जास्त डिझेल सोडलं तर पॉवर वाढत नाही, काळा धूर वाढतो आणि पिस्टनचं डोकं वितळतं.

हजार हॉर्सपॉवरच्या इंजिनाला जवळपास सात टक्के जास्त हवा म्हणजे सत्तर हॉर्सपॉवरच्या आसपास. एवढ्याने पहिला नंबर पाचवा होतो. म्हणूनच गेजचा एवढा आग्रह.

७. मग फक्त टर्बोला मर्यादा घालून घनइंच मोकळे का सोडत नाहीत?

हा प्रश्न दर हिवाळ्यात नियमांच्या बैठकीत येतो, आणि मोकळे सोडा म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. त्यांचं म्हणणं असं: हवा कोंडलेलीच आहे, तर इंजिन कितीही मोठं असो, पॉवर तेवढीच. उलट मोठं इंजिन कमी आरपीएमवर तीच हवा वापरेल आणि जास्त टिकेल.

अडचण आहे ती टॉर्कची. हवा तीच असली तरी मोठं इंजिन टर्बोला लवकर जागं करतं, आणि ओझ्याखाली आरपीएम खाली आले तरी धरून ठेवतं. शेवटच्या पन्नास फुटांत हाच गुण कामाला येतो. मर्यादा सोडली की ज्याच्याकडे सर्वांत मोठा ब्लॉक, त्याचंच राज्य. मग जुन्या ४६६ घेऊन येणारे शेतकरी घरी बसतात.

दुसरीकडे फक्त घनइंच बांधून टर्बो सोडला तर काय होतं, ते प्रो स्टॉकमध्ये दिसतं. सगळा पैसा टर्बो, इंजेक्शन पंप आणि आरपीएमकडे वळतो. नियमाने एक दार लावलं की खर्च दुसऱ्या दाराने आत येतो. दोन्ही बंधनं एकत्र ठेवणं हाच सध्या सर्वांत न्याय्य मार्ग आहे, असं आम्हाला वाटतं. कारण दोन्ही गोष्टी मैदानावर, दिव्याच्या उजेडात, पंधरा मिनिटांत तपासता येतात. जे मैदानावर मोजता येत नाही, त्यावर नियम करू नये.

८. प्रो स्टॉकमध्ये इंटरकूलर बंद, पण पाणी मारायला परवानगी, हे कसं?

दाबलेली हवा दोनशे अंशांच्या वर सहज जाते. गरम हवा विरळ असते, म्हणून ती थंड करणं म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त हवा भरणं. इंटरकूलरने, त्यातही बर्फाच्या पाण्यावरच्या, हे फार प्रभावीपणे होतं. तो आला की टर्बो, पाइप, हेड सगळं नव्याने बांधावं लागतं. एकच टर्बो ठेवण्याचा हेतू तिथे संपतो.

पाण्याची फवारणी वेगळी. वाफ होताना एक किलो पाणी सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता शोषतं. त्यामुळे हवा थोडी थंड होते, पण मुख्य फायदा पिस्टन आणि एक्झॉस्ट वाचण्याचा. म्हणजे ती बरीचशी इंजिन जगवण्याची सोय आहे. फवारा बारीक हवा. थेंब मोठे पडले तर पंख्याची पाती खातात, आणि एका सिलिंडरमध्ये पाणी साचलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

९. फार्म स्टॉकमध्ये आरपीएमची मर्यादा असते. ती कशी राखतात?

गव्हर्नरवर (आरपीएम आवरणारा भाग), आणि तपासतात हातातल्या टॅकोमीटरने, ट्रॅक्टर मोकळा असताना थ्रॉटल पूर्ण ओढून. जुन्या यांत्रिक पंपावर ही पद्धत ठीक चालते. ओझ्याखाली आरपीएम मोकळ्यापेक्षा कमीच होतात, म्हणजे मोकळा आकडा हीच कमाल.

इलेक्ट्रॉनिक इंजिनात असं राहत नाही. मोकळं असताना एक सीमा आणि ओझ्याखाली दुसरी, असं प्रोग्रॅममध्ये लिहिता येतं. म्हणून अनेक ठिकाणी आरपीएमऐवजी ट्रॅकवरच्या वेगाला मर्यादा घालतात आणि तो स्लेडवर मोजतात. वेग ओलांडला की बाद. आमच्या मते हीच पद्धत योग्य आहे, कारण वेग स्लेडच सांगते.

१०. हूक किती उंच चालतो? एक इंचाने काय होतं?

हूक म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे स्लेडची साखळी अडकते ती जागा. स्टॉक प्रकारच्या गटांत साधारण कमाल २० इंच जमिनीपासून, आणि मागच्या अॅक्सलच्या मध्यापासून किमान १८ इंच मागे. हूक पक्का हवा, ओढताना वर-खाली हलता कामा नये.

उंची महत्त्वाची, कारण ओढ जितकी उंचावरून तितकं पुढचं वजन मागच्या चाकांवर येतं. ओढ × हूकची उंची ÷ व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमधलं अंतर), असा हिशोब. १०,००० पौंडांची ओढ, २० इंचांचा हूक, १०० इंचांचा व्हीलबेस धरला तर २,००० पौंड मागे सरकतात. म्हणजे एका इंचामागे १०० पौंड. पुढची चाकं जमिनीपासून थोडी उचललेली आणि तशीच तरंगत राहिली, तर वजन बरोबर वाटलं गेलंय असं समजा. तोंड फार उचललं तर पुढे वजनं वाढवा. हूक खाली घेणं हा शेवटचा उपाय.

नेहमीची चूक: हूक घरी मोजतात आणि मैदानावर टायरची हवा बदलतात. हवा कमी केली की हूक खाली येतो, वाढवली की वर जातो. काट्यावर जाल त्याच हवेवर मोजा.

११. वजनात ड्रायव्हर धरतात का? ओढताना वजन पडलं तर?

धरतात. ड्रायव्हर, हेल्मेट, डिझेल, पाणी, सगळं मिळून काट्यावर. ओढीनंतर पुन्हा वजन करण्याचा अधिकार असतो, म्हणून काठावर राहू नका. लोखंडी वजन ट्रॅकवर पडलं तर ओढ बाद, मग फुल पुल असला तरी. कारण अंतराचं नाही. दोनशे फुटांवर सुटलेलं पन्नास किलोचं लोखंड कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही.

१२. मॉडिफाइडमध्ये चार-चार इंजिनं कशी चालतात?

सत्तरच्या दशकात ओहायोतल्या दोन भावांनी असा गिअरबॉक्स आणला, की अनेक इंजिनांची ताकद एकाच शाफ्टवर यावी. तिथून हा गट वाढला. सुपरचार्जरवाली व्ही-८, विमानांची अॅलिसन व्ही-१२ (१,७१० घनइंच, २८ लीटर), हेलिकॉप्टरची टर्बाइन, असं काहीही दिसतं. इथे खरी मर्यादा वजनाची. प्रत्येक वाढीव इंजिन पॉवर देतं, पण पुढे-मागे हलवता येणारं वजनही कमी करतं.

१३. मिथेनॉलने एवढी पॉवर कशी? त्यात डिझेलपेक्षा निम्मीही ऊर्जा नाही ना?

किलोमागे खरंच नाही. डिझेलमध्ये सुमारे ४३ मेगाज्यूल, मिथेनॉलमध्ये २०. पण इंजिनात मोजायची ती हवा. एक किलो मिथेनॉलला साडेसहा किलो हवा पुरते, डिझेलला साडेचौदा. एक किलो हवेमागे हिशोब केला तर मिथेनॉल किंचित पुढेच. शिवाय डिझेल इंजिनात सगळी हवा वापरायला गेलं की धूर होतो, मिथेनॉल मात्र समृद्ध, म्हणजे इंधन जास्त असलेल्या, मिश्रणावरही नीट जळतं. वाफ होताना ते भरपूर थंडावाही देतं. नायट्रस ऑक्साइडसारखा, स्वतःबरोबर ऑक्सिजन आणणारा पदार्थ मात्र चालत नाही. तो आला तर हवेची सगळी मर्यादाच निरर्थक.

मिथेनॉलची ज्वाला उन्हात दिसत नाही. ड्रायव्हर हात झटकत खाली उतरत असेल, तर तो जळतोय असं समजून पाणी मारा. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे इथे पाणी चालतं.

१४. सुरक्षेचं काय सक्तीचं आहे?

इंजिन बंद करणारा किल स्विच स्लेडला दोरीने बांधलेला असतो. साखळी तुटली आणि ट्रॅक्टर सुटला की तो आपोआप ओढला जातो. डिझेलमध्ये फक्त इंधन तोडून भागत नाही, कारण टर्बोतून गळणाऱ्या तेलावरही इंजिन पळत राहतं. म्हणून हवेच्या वाटेवर झडप असते. एक्झॉस्ट पाइपमध्ये टर्बोच्या जवळ ३/८ इंचाचे दोन बोल्ट काटकोनात आरपार घालतात, पंखा फुटला तर तुकडे आकाशात जाऊ नयेत म्हणून. ब्लॉकभोवती पोलादी केबल, क्लचभोवती जाड कवच, मागे उलटण्यापासून वाचवणारे दांडे, ड्रायव्हरला आगरोधक कपडे आणि हेल्मेट. यातलं काही नसेल तर वजनकाट्याच्या पुढे सोडत नाहीत.

१५. दुसऱ्याचं इंजिन मोठं आहे अशी शंका असेल तर?

लेखी हरकत, ठरलेल्या वेळेत, अनामत रकमेसह, आणि त्याच गटात उतरलेल्या स्पर्धकाकडूनच. बहुतेक पुस्तकांत ढाचा असाच आहे. काय तपासायचं तेही लिहावं लागतं: घनइंच, टर्बो की इंधन. इंजिन बरोबर निघालं तर अनामत ज्याचं हेड उघडलं त्याच्याकडे जाते, कारण गास्केट आणि श्रम त्याचे. तपासणी नाकारली तर मर्यादा मोडली असंच धरतात.

१६. सर्वांत आधी ओढणाऱ्याला पुन्हा संधी का?

त्याच्यावर स्लेड जमवायची असते म्हणून. वजन कमी-जास्त पडलं तर अधिकारी स्लेड बदलतात आणि त्याला पुन्हा ओढू देतात. बाकीच्यांना ही सवलत नाही. सुरुवातीच्या काही फुटांतच थांबलात तर दुसरा प्रयत्न मिळतो, तेवढाच.

१७. आपल्याकडचा ४५-५० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर असा बांधता येईल का?

रस्त्यावर चालवायचा ट्रॅक्टर असेल तर नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. फक्त डिझेल वाढवून तीन सिलिंडरचं इंजिन फार काळ टिकतही नाही, कारण प्रश्न ६ मधलंच: हवा तेवढीच राहते.

पंजाबात टोचन म्हणून चालतं, म्हणजे दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने ओढणं, ते पुलिंग नव्हे. तिथे हळूहळू वाढणारं ओझं नाही, किल स्विच नाही, मागे उलटू न देणारे दांडे नाहीत. गावच्या जत्रेत कोणी असं करत असेल, तर किमान साखळी ड्रॉबारलाच लावा. वरच्या लिंकला लावलेल्या साखळीने ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर उलटतो, आणि उडी मारायला वेळ मिळत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी खरं पुलिंग पाहायचं असेल तर ओहायोतलं बोलिंग ग्रीन, ऑगस्टमध्ये. हिवाळ्यात छताखाली पाहायचं तर केंटकीतलं लुईव्हिल, फेब्रुवारीत. मुलांसाठी कानावरचे मफ घेऊन जा, कापसाचे बोळे पुरत नाहीत.

१८. एकच ट्रॅक्टर दोन गटांत उतरवता येतो का?

येतो. सर्वांत सोपी जोडी सुपर फार्म आणि लिमिटेड प्रो स्टॉक, कारण दोन्हीकडे ६४० घनइंच. पण नुसता टर्बो ३ वरून ४.१ इंचांवर नेला की झालं, असं नाही. मोठ्या टर्बोला पुरेल एवढं डिझेल पंपाने द्यायला हवं, क्लचला नवा दाब लागतो, गिअर बदलतो आणि वजनमर्यादा वेगळी म्हणून पुढची वजनंही. परत सुपर फार्मला येताना पंप खाली आणायला विसरलात, तर नियम मोडत नाही, पण ३ इंचांच्या हवेवर ४.१चं डिझेल जातं. पहिल्या शंभर फुटांत एक्झॉस्टचं तापमान पाहा. काटा थांबत नसेल तर पाय काढा.